हरलेल्या मताची साक्ष

अठ्ठेचाळीस मते. 4 जून 2024 रोजी मुंबई उत्तर-पश्चिम मतदारसंघाचा निकाल लागला तेव्हा रवींद्र वायकर यांच्या नावावर 4,52,644 मते होती आणि अमोल कीर्तिकर यांच्या नावावर 4,52,596. यंत्रांच्या मोजणीत कीर्तिकर एका मताने पुढे होते. टपाली मतांनी पारडे फिरवले. त्या वर्षीच्या अख्ख्या लोकसभा निवडणुकीतला हा सर्वांत निसटता निकाल. जोगेश्वरी, वर्सोवा, गोरेगाव या भागांत आखातातल्या पगारावर चालणारी घरे थोडीथोडकी नाहीत. त्यांपैकी एखाद्या घरचा मुलगा त्या संध्याकाळी सौदीतल्या जुबैलच्या कामगार कॅम्पात मोबाइल धरून बसला असेल आणि त्याचा माणूस पडला असेल, तर त्याच्या मनात जे चालले असेल त्याला काय म्हणायचे? पराभवाचे दुःख म्हणावे, तर त्याने मत दिलेलेच नव्हते.

सौदी अरेबियात सुमारे 26 लाख भारतीय राहतात. त्यांत केरळचे, उत्तर प्रदेशाचे, बिहारचे, तेलंगणाचे लोक ठळकपणे दिसतात. पण रायगड-रत्नागिरीचा कोकणी मुसलमानही तिथे जुनाच. आजोबा बोटीवर, बाप जेद्दाला, मुलगा रियाधला, असा खेड, दापोली, महाड, म्हसळा, श्रीवर्धनच्या कितीतरी घरांचा तीन पिढ्यांचा प्रवास आहे. पुढे पुण्या-नाशिकचे अभियंते तेलाच्या आणि रसायनांच्या प्रकल्पांवर गेले. ही सगळी माणसे गावाच्या राजकारणात डोक्यापर्यंत बुडालेली असतात. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत कोण कुणाच्या पॅनेलमध्ये गेला हे जेद्दात गावाआधी कळते, असे कोकणात गमतीने म्हणतात, आणि त्यात फारशी अतिशयोक्ती नसते.

मात्र मताचे काय? 1950च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात दुरुस्ती होऊन 2011पासून परदेशस्थ भारतीय नागरिकाला आपल्या गावच्या मतदारयादीत नाव घालता येते. अट एकच, पण ती मोठी आहे. मतदानाच्या दिवशी मूळ पासपोर्ट घेऊन त्याने स्वतः केंद्रावर हजर राहायचे. प्रतिनिधीमार्फत मत देण्याची सोय करणारे विधेयक ऑगस्ट 2018मध्ये लोकसभेने मंजूर केले आणि पुढे ते राज्यसभेत न पोचताच बारगळले. परिणाम आकड्यांत दिसतो. 2024च्या लोकसभा निवडणुकीत परदेशस्थ मतदार म्हणून नोंदलेले लोक होते 1 लाख 19 हजारांच्या वर. प्रत्यक्ष मत द्यायला आले 2,958. त्यातले 2,670 एकट्या केरळचे! तिथे मुस्लिम लीगशी जोडलेली केएमसीसी ही संघटना आखातातून मतदारांसाठी खास विमाने ठरवते, लोक त्याला ‘वोट विमान’ म्हणतात. बाकी सगळा देश मिळून तीनशेही भरले नाहीत. कंपनीची सुट्टी, एक्झिट-रीएंट्रीचा शिक्का, मे महिन्यातले विमानाचे भाडे, हा हिशेब घातला की मताची किंमत दोन-तीन महिन्यांच्या बचतीएवढी होते.

म्हणजे जेद्दातला म्हसळेकर निवडणूक हरतो तेव्हा तो दोनदा हरतो. त्याची बाजू पडते, आणि आपण तिला हातभार लावला नाही हे उरते. 2024मध्ये या हरण्याचे आणखीही गुंतागुंतीचे प्रकार झाले. राज्यात महाविकास आघाडीला 48पैकी 30 जागा मिळाल्या, महायुतीला 17. पण रायगडात सुनील तटकरे यांनी अनंत गीते यांना 82,784 मतांनी हरवले आणि रत्नागिरी-सिंधुदुर्गात नारायण राणे निवडून आले. आघाडीचा पाठीराखा राज्यात जिंकला, गावात हरला. सहा महिन्यांत, 23 नोव्हेंबरला, विधानसभेचा निकाल आला आणि राज्यच उलटे झाले. एकट्या भाजपच्या 132 जागा. जूनमधला निकाल मंगळवारी, कामाच्या दिवशी लागला होता. नोव्हेंबरमधला शनिवारी लागला, आणि सौदीत शुक्रवार-शनिवार सुट्टी असते, त्यामुळे तो दिवसभर टीव्हीसमोर बसून पाहता आला. एकाच खोलीत दोन पक्षांचे लोक असणे तिथे नेहमीचेच आहे. तटकऱ्यांना मानणारे कोकणी मुसलमानही काही कमी नाहीत, त्यामुळे त्या शनिवारी डाळभात कुणाला गोड लागला आणि कुणाला कडू, हे गावाच्या नावावरून ठरवता आले नसते.

अशा वेळी तोंडात येणारी वाक्ये ठरलेली आहेत. मशीन सेट होतं. पैसा चालला. आपल्याच लोकांनी खाल्लं. आणि वादाला कंटाळून कुणीतरी वडीलधारा शेवटी म्हणतो, अल्लाची मर्जी. हे चौथे वाक्य ऐकायला सर्वांत शांत असले तरी सर्वांत मोठा दावा त्याच्यातच आहे. पाच वर्षे कोण राज्य करणार हे ईश्वराने ठरवले, असे ते म्हणते. मग जो हरला तो ईश्वराला नको होता काय?

मालेगाव मध्यचे उदाहरण घ्यावे. त्याच नोव्हेंबरात तिथे एमआयएमचे मुफ्ती मोहम्मद इस्माईल अवघ्या 162 मतांनी निवडून आले. हरले आसिफ शेख; त्यांच्या पक्षाच्या इंग्रजी नावातली आद्याक्षरे जोडली की ‘इस्लाम’ हा शब्द तयार होतो. एका बाजूला मुफ्ती, दुसऱ्या बाजूला असे नाव, आणि मध्ये 162 मते. यातून ईश्वराचा कौल वाचायला बसलेल्या माणसाला यश चिंतण्यापलीकडे काय करणार?

सौदी अरेबियाच्या मदरशांतून आणि विद्यापीठांतून जो हंबली विचार शिकवला जातो, त्यानेच या वाक्यातली गाठ फार पूर्वी सोडवून ठेवली आहे. तेराव्या-चौदाव्या शतकातले दमास्कसचे विद्वान इब्न तैमिया यांनी ईश्वरी इच्छेचे दोन अर्थ वेगळे केले. जगात जे काही घडते ते त्याच्या इच्छेवाचून घडत नाही, हा एक. त्याला जे आवडते, ज्याची तो आज्ञा करतो, हा दुसरा. चोरी होते ती पहिल्या अर्थाने त्याच्या इच्छेत बसते, दुसऱ्या अर्थाने मुळीच नाही. हा भेद मानला तर ‘अल्लाची मर्जी’ या शब्दांनी जिंकणाऱ्याला प्रमाणपत्र मिळत नाही आणि हरणाऱ्यावर ठपकाही येत नाही. निकाल घडला, एवढेच त्यातून कळते. तो बरा होता की वाईट हे पुन्हा माणसालाच तपासावे लागते. ज्या परंपरेला बाहेरचे लोक दैववादी समजतात, तिच्या आतच दैववादावर एवढा कडक पहारा आहे, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

मग मत म्हणजे नेमके काय? या प्रश्नावर दक्षिण आशियातल्या मुस्लिम मतदाराला सर्वाधिक परिचित उत्तर मुफ्ती मुहंमद शफी यांचे. 1897 साली जन्मलेले, देवबंदच्या दारुल उलूमचे मुफ्ती, फाळणीनंतर कराचीत गेलेले आणि तिथे मोठा मदरसा उभारणारे हे विद्वान 1976मध्ये वारले. त्यांनी मताचे तीन पैलू सांगितले: मत ही साक्ष आहे, मत ही शिफारस आहे आणि मत हे वकीलपत्र आहे. साक्ष अशासाठी की, हा माणूस लायक आणि प्रामाणिक आहे असे मतदार जाहीर करतो. पैसे घेऊन मत देणे म्हणजे लाच खाऊन खोटी साक्ष देणे; घरी बसणे म्हणजे साक्ष लपवणे. दोन्ही पापे. निवडणुका आल्या की मशिदींतल्या भाषणांत आणि उर्दू पत्रकांत हे तीन मुद्दे हमखास येतात, पण वक्त्यांचा सगळा भर मतदानाच्या आदल्या दिवसावर असतो. निकालाच्या दुसऱ्या दिवशी या तीन पैलूंचे काय होते हे फारसे कुणी विचारत नाही, आणि खरी गंमत तिथेच आहे.

साक्षीचे पाहा. कोर्टात साक्ष देणारा माणूस खटला हरत नसतो. निकाल त्याच्या सांगण्याविरुद्ध गेला म्हणून त्याचे सांगणे खोटे ठरत नाही. त्याने पाहिले ते सांगितले, न्यायाधीशाने इतर पुरावा जास्त ग्राह्य धरला. पाश्चात्त्य राजकीय विचारात या जागी मोठी पंचाईत झालेली आहे. रूसोने 1762मध्ये म्हटले होते की माझ्याविरुद्धचे मत जिंकले तर त्यावरून मीच चुकलो होतो असे सिद्ध होते, कारण समाजाची खरी इच्छा मला ओळखता आली नाही. हे हरलेल्या माणसाला दुसऱ्यांदा हरवणे झाले. दोनशे वर्षांनी, 1962मध्ये, इंग्लिश तत्त्वज्ञ रिचर्ड वोल्हाइम यांनी नेमका उलटा पेच मांडला. ‘अ’ निवडून यावा असे मला वाटते. मी लोकशाहीवादी आहे आणि बहुमत ‘ब’ला आहे, म्हणून ‘ब’ निवडून यावा असेही मला वाटले पाहिजे. एकाच डोक्यात दोन परस्परविरोधी ‘पाहिजे’ कसे नांदणार? मुफ्ती शफींच्या मांडणीत हा पेच बराचसा सुटतो, कारण साक्षीदाराची खुर्ची आणि न्यायाधीशाची खुर्ची मुळातच वेगळ्या आहेत. मी माझी साक्ष मागे घेत नाही, आणि निकालही पाळतो. यात दांभिकपणा नाही.

अर्थात या उत्तरातही एक खोट आहे. साक्षीदाराने प्रत्यक्ष पाहिलेले सांगायचे असते. मतदाराने उमेदवाराला पाहिलेले असते ते जीपवर उभे राहून हात जोडताना. जुबैलमधल्या मतदाराने तर तेवढेही नाही. त्याचा सगळा पुरावा व्हॉट्सअॅपवरचा. तेव्हा आपली साक्ष बावनकशी होती, असे मानून निकालानंतर छाती पिटणे फारसे शोभत नाही. आणि पक्षाच्या चिन्हाकडे पाहून, माणसाकडे न पाहता दिलेले मत तर साक्षीच्या कसोटीला कितपत उतरेल?

या सगळ्यावर सौदीच्या भूमीतच घडलेला एक प्रसंग आहे, आणि भारतातून गेलेला जवळजवळ प्रत्येक हाजी त्या जागी उभा राहून येतो. मदिनेच्या उत्तरेला उहुद डोंगर आहे. पायथ्याला हजरत हमजा आणि इतर शहिदांचे दफनस्थान, समोर तिरंदाजांची बुटकी टेकडी. जियारतीची बस तिथे थांबते, वाटाड्या गोष्ट सांगतो, लोक टेकडीवर चढतात, खाली खजूर आणि तसबीह विकत घेतात. गोष्ट बहुधा तिरंदाजांची असते. इसवी सन 625, मक्केच्या कुरैशांचे तीन हजारांचे सैन्य, मुसलमान सातशे. पन्नास तिरंदाजांना सांगितले होते की काही झाले तरी जागा सोडायची नाही. विजय दिसताच बहुतेक जण लूट गोळा करायला खाली धावले, शत्रूचे घोडेस्वार मागून आले, सत्तर मुसलमान मारले गेले, खुद्द पैगंबर जखमी झाले.

गोष्टीचा आधीचा भाग मात्र मतदाराच्या जास्त कामाचा आहे. कुरैश येत आहेत हे कळल्यावर मदिनेत सल्लामसलत झाली. पैगंबरांचे स्वतःचे मत होते की शहरातच थांबून लढावे. वयस्क मंडळींपैकी अनेकांचे तेच मत. पण आदल्या वर्षीच्या बद्रच्या लढाईत ज्यांना भाग घेता आला नव्हता ते तरुण बाहेर पडून लढायला उतावीळ झाले होते, आणि त्यांचा जोर जास्त झाला. पैगंबर आत जाऊन चिलखत घालून आले. तोवर तरुणांना आपण आगाऊपणा केल्याची टोचणी लागली होती. ते म्हणाले, आपण म्हणाल तसे करू. पण ठरले ते ठरले, आता माघार नाही, असा पैगंबरांचा निर्णय होता. म्हणजे मसलतीत ज्यांचे मत मागे पडले त्यांत खुद्द पैगंबर होते, आणि तरीही बहुमताच्या निर्णयाचे नेतृत्व त्यांनीच केले.

मत मागे पडलेला आणखी एक माणूस त्या सैन्यात होता. मदिनेचा बडा सरदार अब्दुल्ला इब्न उबय्य. त्याचेही म्हणणे शहरात थांबावे असेच होते. हजार जणांचे सैन्य निघाले, आणि वाटेतून तो आपले तीनशे लोक घेऊन परत फिरला: त्या पोरांचे ऐकले, माझे ऐकले नाही, मग आम्ही कशाला मरायचे? दोघांचे मत एक, दोघांचे मत पडलेले. फरक पडल्यानंतरच्या वागण्यात.

पुढचे तर अधिकच विचार करायला लावणारे. पराभव झाला. म्हणजे शहरात थांबा म्हणणाऱ्यांचे खरे ठरले, असे म्हणायला जागा झाली, आणि लोक म्हणालेही की आमचे ऐकले असते तर ही माणसे मेली नसती. कुराणातल्या आल-इम्रान या अध्यायात उहुदवर मोठे भाष्य आहे. त्यात या ‘आम्ही सांगत होतो’वाल्यांना खडे बोल सुनावले आहेत. आणि ज्यांच्यामुळे सगळे बिघडले त्यांच्याविषयी पैगंबरांना आज्ञा काय आहे? त्यांना माफ कर, आणि कामकाजात त्यांचा सल्ला घेत राहा. मसलतीने घेतलेला निर्णय अंगाशी आला, त्याच्या लगेच नंतर मसलत चालू ठेवण्याचा आदेश! बहुमत नेहमी बरोबर असते असा यात दावा नाही. उलट ते चुकल्याचे रक्त अजून वाळलेले नव्हते. बहुमत चुकते म्हणून विचारणेच बंद करावे, ही पळवाट मात्र बंद केलेली आहे.

ज्या देशात उहुद आहे त्या देशात मतदाराला हरण्याचा सराव फारसा नाही. सौदीत राजकीय पक्षांना परवानगी नाही. 1992च्या मूलभूत कायद्यानुसार राज्यव्यवस्था राजेशाही, आणि 150 सदस्यांची मजलिस-ए-शूरा राजाने नेमलेली. मात्र 2005मध्ये नगर परिषदांच्या निम्म्या जागांसाठी देशभर निवडणुका झाल्या, फक्त पुरुषांसाठी. रियाधमध्ये सात जागांना सहाशेहून अधिक उमेदवार उभे होते. पक्ष नव्हते, आघाडी करायला बंदी होती, तरी धर्मपंडितांचा आशीर्वाद असलेल्या उमेदवारांच्या ‘सोनेरी याद्या’ मोबाइल संदेशांतून फिरल्या, आणि त्या यादीतल्यांनी बाजी मारली. हरलेल्यांनी तक्रारी केल्या. पक्षाचे नाव पुसून टाकले तरी ‘आपली बाजू’ तयार होतेच, याचा एवढा स्वच्छ प्रयोग दुसरीकडे सापडणे कठीण. 12 डिसेंबर 2015 रोजी स्त्रियांनी प्रथमच मत दिले आणि त्या उभ्याही राहिल्या: सुमारे 980 उमेदवार, निवडून आल्या वीसेक. पुरुष मतदारांसमोर त्यांना थेट बोलता येत नव्हते, पडद्याआडून किंवा पुरुष प्रतिनिधीमार्फत बोलावे लागे. त्या निवडणुकीत साडेनऊशेच्या वर बायका हरल्या. त्यांच्यामागे पक्ष नव्हता, म्हणून कार्यालयात एकत्र बसून चिंतन बैठक नाही, दुसऱ्यावर खापर फोडण्याची सोय नाही. पक्षाचा एक उपयोग हाही असतो की पराभव वाटून घेता येतो.

महाराष्ट्र आणि सौदी अरेबिया यांना जोडणारी दोन चरित्रे या संदर्भात शेजारी ठेवून पाहण्याजोगी आहेत. मौलाना अबुल आला मौदूदी 1903 साली औरंगाबादेत जन्मले. सार्वभौमत्व ईश्वराचे, बहुमताचे नव्हे, हा त्यांच्या विचाराचा कणा. त्यांची जमात-ए-इस्लामी पाकिस्तानात 1970च्या निवडणुकीत उतरली आणि 300पैकी फक्त चार जागा जिंकू शकली. 1979मध्ये सौदी अरेबियाने राजा फैसल यांच्या नावाचा पहिलाच पुरस्कार त्यांना दिला. दुसरे मौलाना अबुल कलाम आझाद. जन्म 1888चा, मक्केतला. 1942 ते 1945 ते अहमदनगरच्या किल्ल्यात कैदेत होते. तिकडे कलकत्त्यात पत्नी वारली तेव्हाही. सुटून आल्यावर काही महिन्यांतच, डिसेंबर 1945मध्ये, मध्यवर्ती कायदेमंडळाच्या निवडणुकीत मुसलमानांसाठी राखीव असलेल्या तीसच्या तीस जागा मुस्लिम लीगने जिंकल्या. काँग्रेसचा अध्यक्ष कोण होता? आझाद. कुराणाचा मोठा भाष्यकार, आणि त्याच्याच समाजाने त्याची साक्ष एकमुखाने फेटाळली.

बहुमत मुळातच दुय्यम मानणाऱ्या विचारात पराभवाचे एक तयार स्पष्टीकरण हाताशी असते: लोक अजून लायक झालेले नाहीत. त्याने माणूस सावरतो खरा, पण त्या सावरण्यात शेजाऱ्याविषयीचा तुच्छपणा मुरत जातो, आणि हा आजार धार्मिक पक्षांपुरताच आहे असेही नाही. पुणे-मुंबईच्या सुशिक्षित बैठकांत ‘लोकांना कळतच नाही’ हे वाक्य प्रत्येक निकालानंतर ऐकू येते. आझादांनी दुसरी वाट घेतली. फाळणीला विरोध केला, हरले, आणि ज्या लोकांनी त्यांना नाकारले होते त्यांतल्या मागे राहिलेल्यांना ऑक्टोबर 1947मध्ये दिल्लीच्या जामा मशिदीत जाऊन धीर दिला. त्या भाषणात राग आहे, ‘मी सांगत होतो’ची धारही आहे, आझाद काही संत नव्हते. पण ते गेले, बोलले, आणि पुढे दहा वर्षांहून अधिक काळ शिक्षणमंत्री म्हणून राबले.

पुन्हा लोकसभेच्या निकालाकडे येऊ. जून 2024मध्ये तो लागला त्या दिवशी हिजरी कालगणनेप्रमाणे जिल्कादची 27 तारीख होती. हजचा मुख्य, म्हणजे अरफातचा, दिवस अकरा दिवसांवर. त्या वर्षीचा भारताचा हजचा कोटा होता 1,75,025, आणि त्यांतले हजारो लोक आधीच मक्का-मदिनेत पोचलेले. भारतात सकाळी आठला मोजणी सुरू झाली तेव्हा मक्केत साडेपाच, फजरची नमाज होऊन सूर्य उगवायची वेळ. कुराणाने हजमध्ये तीन गोष्टी वर्ज्य केल्या आहेत: शृंगार, दुराचार आणि वाद. भारतीय हाजी बहुतेक करून उमरा आटोपून एहराम, म्हणजे यात्रेची व्रतस्थ अवस्था, सोडतात आणि हजच्या दिवसांत तो पुन्हा बांधतात. त्यामुळे मक्केच्या अझीझिया भागातल्या इमारतींत त्या दिवशी काटेकोर अर्थाने वाद घालायला मोकळीक होती, असा युक्तिवाद एखाद्या चतुर हाजीला करता आला असता. सौदी सरकारला हा युक्तिवाद मान्य झाला नसता. हजमध्ये राजकारण नको, असे तिथल्या हजमंत्र्यांनी त्याच आठवड्यात बजावले होते, आणि त्यामागे 1987मध्ये मक्केत इराणी निदर्शनांच्या वेळी चारशेवर माणसे मेल्याची आठवण आहे.

पराभवाचे दुःख टिकते किती, यावर मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेत काम केले आहे. 2012मध्ये ओबामा पुन्हा निवडून आल्यावर रिपब्लिकन पाठीराख्यांचा आनंद एकदम घसरला आणि साधारण आठवड्यात पूर्ववत झाला. पण त्या आठवड्यातली घसरण, बोस्टनच्या बाँबस्फोटानंतर बोस्टनकरांची झाली त्याहून जास्त होती! 1994च्या टेक्सासमधल्या निवडणुकीनंतर डॅनियल गिल्बर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांना आढळले की हरलेल्या बाजूच्या मतदारांनी महिन्याभराने आपण जेवढे दुःखी असू असे आधी सांगितले होते, तेवढे ते नव्हते. चटका खोल, जखम उथळ. मग काही लोकांचे दुःख वर्षानुवर्षे का जात नाही?

त्याचे उत्तर मुफ्ती शफींच्या तिसऱ्या पैलूत, वकीलपत्रात, असावे. साक्ष माझी राहते, निकालाने तिला धक्का लागत नाही. पण वकीलपत्र मी ज्याला दिले तो वकील झालाच नाही. ज्याला दिले नाही तो माझा वकील होऊन बसला. आखातातल्या माणसाला हे पुस्तकी वाटणार नाही. कफीलाने, म्हणजे तिथल्या मालकाने, पासपोर्ट अडवला, पगार थकला, कुणाचा मृतदेह दम्मामहून गावी आणायचा झाला, की घरचे लोक पत्र घ्यायला खासदार-आमदाराच्या दारात जातात. ते दार ज्याला पाडायचे होते त्याचेच असू शकते. पत्र बहुतेक वेळा मिळते, कारण असे पत्र देणे हा लोकप्रतिनिधीचा रोजचा उद्योग आहे. पण घेणाऱ्याच्या मनात जी कडवट कृतज्ञता दाटते तिचा विचार ना रूसोने केला ना वोल्हाइमने. परक्याने आपले काम केले, आणि कायद्याने तो परका नाही! साक्षीच्या न्यायाने माणूस शांत झोपू शकतो. वकिलीच्या न्यायाने त्याला रोज त्या माणसाशी व्यवहार ठेवावा लागतो. लोकशाहीतला हरलेला मतदार या दोन्हींच्या मध्ये जगतो.

तक्रार करण्याचा हक्क त्याला आहेच. बाबासाहेब आंबेडकर 1952च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत मुंबईतून नारायण काजरोळकर यांच्याकडून हरले. हजारो मतपत्रिका बाद झाल्या होत्या. मते जाणूनबुजून वाया घालवायला लावली, असा आरोप करत त्यांनी आणि अशोक मेहता यांनी निवडणूक न्यायाधिकरणाकडे दाद मागितली. ती फेटाळली गेली. 1954मध्ये भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीला ते पुन्हा उभे राहिले आणि पुन्हा हरले. स्वतः घडवलेल्या घटनेखाली एकदा पडलेला माणूस पुन्हा मतदारापुढे जातो, यात त्या मतदाराविषयीचे जे काही मत आहे ते भाषणांपेक्षा स्पष्ट आहे. अलीकडे, नोव्हेंबर 2024च्या निकालानंतर, माळशिरस तालुक्यातल्या मारकडवाडीने यंत्रावर विश्वास नाही म्हणून गावातच मतपत्रिकांवर फेरमतदान घ्यायचे ठरवले, आणि प्रशासनाने जमावबंदी लावून ते थांबवले. मतदारसंघात त्यांचा उमेदवार तर जिंकला होता. गावातला आकडा पटला नाही म्हणून ही खटपट. त्यांचा संशय खरा की खोटा हा वेगळा विषय, पण साक्ष नोंदली कशी गेली ते दाखवा, ही मागणी साक्षीदाराचीच आहे.

राहिला प्रश्न साक्षच न देता आलेल्यांचा. तो पुढच्या खेपेला अधिक चिघळणार आहे. हज दरवर्षी सुमारे अकरा दिवस अलीकडे सरकतो. 2024मध्ये अरफातचा दिवस 15 जूनला होता. 2029मध्ये तो एप्रिलच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात येईल. अठराव्या लोकसभेची मुदत जून 2029मध्ये संपते, म्हणजे सार्वत्रिक निवडणूक वेळेवर झाली तर मतदानाचे टप्पे एप्रिल-मेमध्येच असतील. पहिली विमाने महिनाभर आधी सुटतात, माणूस चाळीसेक दिवस तिकडे राहतो. सैनिकांना टपाली मत आहे, 85 वर्षांवरच्यांना घरबसल्या मत आहे, हाजींसाठी आणि सौदीत राबणाऱ्या 26 लाखांसाठी काही नाही. ऐपत असलेल्यावर हज फर्ज आहे आणि साक्ष लपवणे पाप आहे. दोन्ही एकाच महिन्यात आले की काय करायचे, हे विचारायला लोक मुफ्तींकडे जातील. त्याआधी निवडणूक आयोगाने जेद्दाच्या वकिलातीत मतपेटी ठेवायचे ठरवले, तर मुफ्तींचे काम बरेच हलके होईल.